डाउन पेमेंट अपुरे असताना घर कसे घ्यावे

घर घेऊ पाहणाऱ्या अनेक कुटुंबांची गाडी मासिक हप्त्यापाशी अडत नाही. हप्ता पगारातून निघेल, याचा अंदाज त्यांनी घेतलेला असतो. अडचण येते ती त्याच्या आधी, जी रक्कम बँक देत नाही आणि जी सुरुवातीच्या दोन-तीन महिन्यांत एकदम उभी करावी लागते तिच्यापाशी. महाराष्ट्रात गृहकर्ज काढून घर घेणाऱ्या कुटुंबाने ही तूट कशी मोजावी, कोणत्या पैशाने भरावी आणि कोणत्या पैशाला हात लावू नये, हे येथे सविस्तर मांडले आहे. तूट दिसताच दुसरे कर्ज शोधायला निघू नये. व्यवहाराची किंमत, त्याचा वेळ आणि त्याची कागदपत्रे यांत बदल करून ती किती खाली आणता येते, हे आधी तपासावे, असा माझा आग्रह आहे.

तूट नेमकी किती आहे?

‘बँक ८० टक्के देते, आपल्याला २० टक्के भरायचे’ हा सर्वत्र ऐकू येणारा हिशेब अपुरा आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कर्जाचे प्रमाण घराच्या किमतीवर ठरते, आणि त्या किमतीत मुद्रांक शुल्क, नोंदणी फी व इतर दस्तऐवजांचा खर्च धरता येत नाही. घराची किंमत १० लाखांपर्यंत असेल तरच याला अपवाद आहे, म्हणजे शहरातील खरेदीदाराला त्याचा उपयोग जवळपास नाही. हा सगळा खर्च आपल्या खिशातूनच जातो.

पुणे महानगरपालिका हद्दीतील एक जुना, म्हणजे रिसेलचा, ६२ लाखांचा फ्लॅट उदाहरणादाखल घेऊ. त्यावर बँक जास्तीत जास्त ८० टक्के, म्हणजे ४९.६० लाख रुपये देऊ शकते, आणि स्वतःचा हिस्सा १२.४० लाखांचा उरतो. पुण्यात स्थानिक संस्था कर आणि मेट्रो अधिभार मिळून मुद्रांक शुल्क ७ टक्के पडते, त्याचे ४.३४ लाख होतात. नोंदणी फी १ टक्का असली तरी तिची कमाल मर्यादा ३० हजार रुपये आहे. दलाली १ टक्का धरली तर ६२ हजार, आणि बँकेची प्रक्रिया फी, वकिलाची शोधफी, मूल्यांकनाचा खर्च, सोसायटीचे हस्तांतर शुल्क अशा किरकोळ वाटणाऱ्या बाबींसाठी ३०-४० हजार धरावे लागतात. बेरीज १८ लाखांच्या आसपास जाते. म्हणजे हातात लागणारी रक्कम किमतीच्या २० टक्के नसून २९ टक्के आहे. ज्यांनी १२-१३ लाख जमवून शोध सुरू केला, त्यांना टोकन देऊन झाल्यावर उरलेल्या पाच लाखांचा पत्ता लागतो, आणि चुकीचे निर्णय नेमके त्याच घाईत होतात.

पैसे कोणत्या क्रमाने लागतात, हेही लिहून ठेवावे. आधी टोकन किंवा इसाराची रक्कम जाते. मग साठेखत नोंदवण्यासाठी मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी लागते, कारण नोंदणीकृत करारनामा हाती आल्याशिवाय बँक कर्ज वितरित करत नाही. त्यानंतर स्वतःचा हिस्सा विक्रेत्याला किंवा बिल्डरला देऊन त्याच्या पावत्या बँकेत सादर कराव्या लागतात, आणि सर्वांत शेवटी बँकेचा धनादेश निघतो. ‘आधी बँकेचे येऊ द्या, आमचे महिन्याभराने देतो’ असे सहसा चालत नाही. फ्लॅटची किंमत ५० लाख किंवा अधिक असेल, तर विक्रेत्याला द्यायच्या रकमेतून १ टक्का टीडीएस कापून तो सरकारकडे भरण्याची जबाबदारी खरेदीदाराची असते. हा खर्च किमतीतूनच वळता होतो, वेगळा लागत नाही, पण तो वेळेवर भरण्यासाठी रोख शिल्लक हवी.

किमतीचा टप्पा बदलला तर काय होते?

कर्जाचे प्रमाण सर्व घरांना सारखे नाही. ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्क्यांपर्यंत आणि ७५ लाखांवरील कर्जाला ७५ टक्क्यांपर्यंत अशी रिझर्व्ह बँकेची कमाल मर्यादा आहे. प्रत्यक्षात बँक आपल्या धोरणानुसार यापेक्षा कमी देऊ शकते; जास्त देऊ शकत नाही.

या टप्प्यांच्या सीमेवर असलेल्या खरेदीदाराने फार काळजीपूर्वक पाहावे. ३३ लाखांच्या घराला ९० टक्क्यांनी २९.७० लाखांचे कर्ज मिळू शकते आणि स्वतःचे ३.३० लाख लागतात. घर ३८ लाखांचे असेल तर ८० टक्क्यांनी ३०.४० लाख मिळतात आणि स्वतःचे ७.६० लाख लागतात. घर पाच लाखांनी महागले, पण स्वतःचा हिस्सा दुपटीहून अधिक झाला. तसाच प्रकार वरच्या टोकाला आहे: ९३.७५ लाखांच्या घराला ८० टक्क्यांनी ७५ लाख मिळतात, आणि एक कोटीच्या घरालाही ७५ टक्क्यांनी ७५ लाखच मिळतात, म्हणजे मधला प्रत्येक वाढीव रुपया आपल्या खिशातून जातो. ज्यांचे पैसे दोन-चार लाखांनी कमी पडत आहेत, त्यांनी त्याच इमारतीत खालचा मजला, पार्किंगविना फ्लॅट किंवा रस्त्यापलीकडची थोडी जुनी सोसायटी पाहिली, तर तूट कर्जाशिवाय भरून निघण्याची शक्यता बरीच असते.

दुसरी गोष्ट मूल्यांकनाची. बँक करारातील किंमत आणि तिच्या मूल्यांककाने ठरवलेली किंमत यांपैकी कमी असलेल्या आकड्यावर कर्ज देते. वरच्याच ६२ लाखांच्या फ्लॅटचे मूल्यांकन ५८ लाख आले, तर कर्ज ४६.४० लाखांवर येते आणि स्वतःच्या हिश्श्यात ३.२० लाखांची भर पडते. म्हणून त्याच इमारतीत अलीकडे नोंदवलेल्या करारांच्या किमती नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरील ई-सर्च सुविधेत पाहून घ्याव्यात. मूल्यांकन कमी आले तर निराश होऊन उरलेले पैसे शोधत बसण्यापेक्षा तो अहवाल घेऊन विक्रेत्याशी किमतीची बोलणी पुन्हा करावीत. त्रयस्थाने लिहून दिलेला आकडा हा घासाघीस करण्याचा सर्वांत सभ्य आधार असतो.

रोखीच्या व्यवहाराने तूट वाढते

जुन्या फ्लॅटच्या व्यवहारात ‘थोडे चेकने, थोडे रोख’ अशी मागणी अजूनही होते, आणि मुद्रांक शुल्क वाचेल असे आमिष तिच्यासोबत येते. ज्याच्याकडे डाउन पेमेंट कमी आहे, त्याला ही मागणी मान्य करणे परवडतच नाही. ६२ लाखांपैकी १० लाख रोख ठरले, तर करारमूल्य ५२ लाख होते आणि ८० टक्क्यांनी कर्ज ४१.६० लाख मिळते. स्वतःचे १०.४० लाख आणि वर रोखीचे १० लाख मिळून २०.४० लाख उभे करावे लागतात. सगळा व्यवहार बँकेतून झाला असता तर १२.४० लाख पुरले असते. मुद्रांक शुल्कात ७० हजार वाचवण्यासाठी आठ लाखांची तूट अंगावर घेतली जाते. शिवाय करारमूल्य वार्षिक मूल्यदर तक्त्यातील, म्हणजे रेडी रेकनरमधील, किमतीपेक्षा कमी असले तरी शुल्क रेडी रेकनरप्रमाणेच लागते, आणि हा फरक १० टक्क्यांच्या सवलतीपलीकडे गेला तर तो खरेदीदाराचे उत्पन्न धरून त्यावर प्राप्तिकर लागू शकतो. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा अधिक रक्कम रोखीने स्वीकारणेही प्राप्तिकर कायद्याने निषिद्ध आहे आणि घेणाऱ्यावर तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. विक्रेत्याला हे शांतपणे सांगितले, तर तोही अनेकदा मागे येतो.

याच्या नेमका उलटा प्रस्ताव दलालांकडून येतो: करारमूल्य फुगवून दाखवू, बँक जास्त कर्ज देईल, डाउन पेमेंट लागणारच नाही. ही सरळसरळ बँकेची फसवणूक आहे. फुगवलेल्या किमतीवर मुद्रांक शुल्क भरावे लागते, विक्रेत्याच्या भांडवली नफ्याचा आकडा वाढतो म्हणून त्याच्याशी दुसरा छुपा करार करावा लागतो, आणि पुढे वाद झाल्यास कोणता करार खरा, हे न्यायालयात सांगण्याची वेळ आपल्यावर येते. अशा व्यवहाराला हात लावू नये, आणि तो सुचवणाऱ्या दलालावर बाकीच्या कामातही विश्वास टाकू नये.

स्वतःच्या साठ्यातून काय निघते?

आता हातातील पैशांकडे वळू. कर्मचारी भविष्य निर्वाह निधीतून घरखरेदीसाठी जी रक्कम मिळते, ती परत फेडायची नसते, हा तिचा सर्वांत मोठा गुण आहे. हप्त्याचा बोजा तिने वाढत नाही, म्हणून बँकेच्या नजरेतही ती स्वच्छ असते. पण ती वेळेवर हाती येईल, असे गृहीत धरू नये. आधार, पॅन आणि पीएफच्या नोंदीत नाव तंतोतंत जुळले पाहिजे. लग्नानंतर नाव बदललेल्या महिलांचे आणि जुन्या कंपनीचे खाते नव्या खात्यात वर्ग न केलेल्यांचे दावे इथेच अडकतात. घर पाहायला सुरुवात करण्याआधी या दुरुस्त्या करून ठेवाव्यात. ही रक्कम निवृत्तीच्या पुंजीतून जाते, हेही तितकेच खरे आहे. वय पस्तीस असेल तर ती पुन्हा उभी करायला वेळ आहे. पन्नाशी ओलांडलेल्याने मात्र तिला शक्यतो हात लावू नये, असे मला वाटते.

सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी, म्हणजे पीपीएफ, सातव्या आर्थिक वर्षापासून वर्षातून एकदा अंशतः काढता येतो. मागील वर्षअखेरची शिल्लक आणि पैसे काढण्याच्या वर्षाआधीच्या चौथ्या वर्षअखेरची शिल्लक यांपैकी जी कमी असेल, तिच्या निम्म्यापर्यंत रक्कम मिळते. खात्यात आज जे दिसते त्याचे निम्मे मिळतील, अशी समजूत करून घेतल्यास हिशेब चुकतो. एक रक्कम आर्थिक वर्षाच्या शेवटी आणि दुसरी नव्या वर्षाच्या सुरुवातीला, असे पैसे पती-पत्नीच्या दोन खात्यांतून वेळ साधून काढता आले, तर बरीच मदत होते.

शेअर आणि म्युच्युअल फंडातील पैसे घर ठरल्यावर नव्हे, तर घर शोधायला लागल्यावरच मुदत ठेवीत किंवा लिक्विड फंडात आणावेत. बाजार घसरलेला असताना नेमकी साठेखताची तारीख येणे, ही कल्पनेतली अडचण नाही. सोन्याबाबत माझे मत स्पष्ट आहे: वापरात नसलेले दागिने, वळी आणि नाणी तारण ठेवण्यापेक्षा विकावीत. तारण ठेवलेल्या सोन्यावर व्याज चालू राहते आणि मुदत संपता संपता ते सोडवायला पुन्हा एकरकमी पैसे लागतात, तेही गृहकर्जाचे पहिले हप्ते सुरू असताना.

एक खबरदारी इथेच सांगतो. बँक मागील सहा महिन्यांचा किंवा त्याहून जुना खातेउतारा पाहते. घरात साठवलेली रोकड एकदम खात्यात भरली, तर तिचा स्रोत विचारला जातो. पैसे जिथून येणार असतील तिथून ते बँकेमार्फत, पुरेसे आधी आणि कागदासह खात्यात येऊ द्यावेत.

नातेवाइकांची मदत कागदावर कशी घ्यावी?

आपल्याकडे घर बहुधा आईवडिलांच्या किंवा सासूसासऱ्यांच्या मदतीनेच होते, आणि त्यात संकोचाचे काही नाही. मात्र दिलेली रक्कम भेट आहे की उसनी, हे दोघांनीही पहिल्याच दिवशी स्पष्ट करावे. आईवडील, आजी-आजोबा, भाऊ-बहीण, पती-पत्नी, काका, आत्या, मामा, मावशी यांनी दिलेली भेट प्राप्तिकराच्या दृष्टीने करमुक्त आहे, तिला रकमेची मर्यादा नाही. चुलतभाऊ, मावसबहीण, आतेभाऊ हे मात्र कायद्याच्या ‘नातेवाईक’ या व्याख्येत बसत नाहीत, आणि मित्र तर नाहीतच. त्यांच्याकडून वर्षभरात मिळून ५० हजारांपेक्षा जास्त रक्कम भेट म्हणून आली, तर ती संपूर्ण रक्कम उत्पन्नात धरली जाते. म्हणून चुलतभावाचे तीन लाख घ्यायचे असतील, तर ते उसनवारी म्हणून, बँकेतून, परतफेडीच्या अटी लिहून घ्यावेत. भेट असेल तर साधे भेटपत्र पुरते: देणाऱ्याचे व घेणाऱ्याचे नाव, नाते, रक्कम, व्यवहार क्रमांक, तारीख आणि ‘ही रक्कम परत घेण्याच्या अटीवर दिलेली नाही’ हे वाक्य. बँकही हे पत्र मागते.

घराच्या मालकीत कोणाचे नाव घालायचे, हा प्रश्न पैशांइतकाच महत्त्वाचा आहे. वडिलांनी दहा लाख दिले म्हणून त्यांचे नाव करारात सहमालक म्हणून घातले, तर त्यांच्या पश्चात त्यांच्या हिश्श्यावर सर्व भावंडांचा हक्क उभा राहतो, आणि घराचे हप्ते फेडणाऱ्याला आपल्याच घरासाठी हक्कसोडपत्र मागत फिरावे लागते. वडिलांची इच्छा केवळ मदतीची असेल, तर भेटपत्र पुरेसे आहे. त्यांना खरोखर हिस्सा हवा असेल, तर तो किती टक्के, हे करारात लिहावे आणि त्यांनी मृत्युपत्रही करावे. हे बोलणे अवघड जाते, पण घर घेण्याच्या आनंदातच ते बोलता येते. दहा वर्षांनी नाही.

महिलेच्या नावाने निवासी घर घेतल्यास महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. वरच्या उदाहरणात ती ६२ हजारांची होते, म्हणजे दलालीचा सगळा खर्च निघतो. मात्र खरेदीदार केवळ महिला असल्या पाहिजेत. पती-पत्नीच्या संयुक्त नावाला ही सवलत मिळत नाही. पत्नी एकटी मालक आणि पती सहकर्जदार अशी रचना बँका स्वीकारतात, परंतु मालकीत नाव नसलेल्या पतीला व्याजाची प्राप्तिकर वजावट मिळत नाही. पती नव्या करप्रणालीत असेल आणि राहत्या घराच्या व्याजाची वजावट त्याला तशीही मिळणार नसेल, तर ही सवलत घेणे सहसा फायद्याचे ठरते.

दुसरे कर्ज काढून डाउन पेमेंट भरावे का?

सहा लाख कमी पडत आहेत आणि वैयक्तिक कर्ज दोन दिवसांत खात्यात येते, तेव्हा ते घेऊन टाकावे असे वाटणे साहजिक आहे. त्याचे गणित मात्र करून पाहावे. सहा लाखांचे पाच वर्षांचे वैयक्तिक कर्ज १२ टक्क्यांनी घेतले, तर महिन्याचा हप्ता साधारण १३,३५० रुपये पडतो. बँक गृहकर्जाची पात्रता ठरवताना चालू असलेले सगळे हप्ते उत्पन्नातून वजा करते. वीस वर्षांच्या, साडेआठ टक्क्यांच्या गृहकर्जाला लाखामागे सुमारे ८६८ रुपये हप्ता येतो, म्हणजे १३,३५० रुपयांच्या हप्त्यात जवळपास १५ लाखांचे गृहकर्ज बसले असते. सहा लाख मिळवताना पंधरा लाखांची पात्रता गेली. गृहकर्ज मंजूर झाल्यावर गुपचूप वैयक्तिक कर्ज काढण्याचा सल्लाही दिला जातो; वितरणापूर्वी बँक सिबिल अहवाल, म्हणजे आपल्या कर्जांची आणि परतफेडीची नोंद, पुन्हा पाहू शकते आणि नवे कर्ज दिसल्यास मंजुरी बदलू शकते, तेव्हा साठेखत होऊन गेलेले असते आणि मुद्रांक शुल्क भरलेले असते.

आयुर्विमा पॉलिसीवरील कर्ज किंवा मुदत ठेवीवरील ओव्हरड्राफ्ट हे त्या मानाने सौम्य आहेत, कारण व्याज कमी असते आणि परतफेडीची सक्ती सैल असते. पैसे येण्याची तारीख पक्की आहे, पण ती साठेखतानंतर महिन्या-दोन महिन्यांची आहे, अशा वेळी तेवढ्या काळापुरते ते वापरावेत. दिवाळीचा बोनस, जुन्या प्लॉटची विक्री, मुदत पूर्ण होणारी पॉलिसी ही अशी उदाहरणे होत. ‘पगारवाढ होईल’ ही मात्र तारीख नव्हे.

बँकेत अर्ज करताना गृहकर्जासोबत एकरकमी हप्त्याचा विमा गळ्यात मारला जातो आणि त्याची रक्कम कर्जात मिळवली जाते. कर्जाला विमासंरक्षण असणे चांगलेच आहे, पण तो त्याच बँकेकडून घेण्याची सक्ती नाही. स्वतंत्र मुदत विमा घ्यावा आणि कर्जाची तेवढी जागा घराच्या किमतीसाठी राखावी.

सरकारी योजनांचा उपयोग कुठे होतो?

प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मधील व्याज अनुदानाबद्दल मोठा गैरसमज आहे. वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंत असेल, आणि कुटुंबाच्या नावे देशात कुठेही पक्के घर नसेल, तर कर्जाच्या पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के अनुदान मिळते. ते जास्तीत जास्त १.८० लाखांचे असून पाच वार्षिक हप्त्यांत कर्जखात्यात जमा होते. हप्ता हलका होण्यासाठी ते उपयोगी आहे. डाउन पेमेंटला त्यातला एक रुपयाही मिळत नाही. बिल्डरच्या विक्री कार्यालयात हे अनुदान ‘तुमच्या वाट्यातून वजा’ करून दाखवले जात असेल, तर तो हिशेब फेटाळावा.

तूट खऱ्या अर्थाने कमी करणारा मार्ग म्हाडा आणि सिडकोच्या सोडतीचा आहे, कारण तिथे अनेक ठिकाणी घराची मूळ किंमतच आजूबाजूच्या बाजारापेक्षा कमी असते. अर्जासोबत भरलेली अनामत सोडतीत नाव न लागल्यास परत मिळते. नाव लागले तर मात्र ठरलेल्या मुदतीत रक्कम भरावी लागते, आणि ती न भरल्यास घर हातचे जाते. म्हणून ‘लागले तर बघू’ अशा भरवशावर अर्ज न करता आपल्या उत्पन्नगटाचे दाखले, कर्जाची पात्रता आणि स्वतःचा हिस्सा तयार ठेवूनच अर्ज भरावा.

बांधकाम चालू असलेल्या घरात वेळ मिळतो का?

काही प्रमाणात मिळतो, पण जाहिरातीत सांगतात तेवढा नाही. रेरा, म्हणजे स्थावर संपदा नियमन, कायद्यानुसार नोंदणीकृत करारनामा होण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. महाराष्ट्राच्या नमुना करारनाम्यात करारानंतर ३० टक्क्यांपर्यंत, जोत्याचे काम पूर्ण झाल्यावर ४५ टक्क्यांपर्यंत आणि स्लॅब पूर्ण झाल्यावर ७० टक्क्यांपर्यंत अशी कमाल मर्यादा आहे. बँक आधी खरेदीदाराचा हिस्सा भरून घेते, त्यामुळे २० टक्के करार होतानाच संपतात. खरा अवकाश मिळतो तो बुकिंग आणि करारनामा यांच्या मधल्या काळात. १० टक्के भरून करारासाठी तीन-चार महिन्यांची मुदत लेखी मागून घेता आली, तर पीएफचा दावा आणि ठेवीची मुदत त्यात बसवता येते. याच्या बदल्यात बांधकाम चालू असलेल्या घरावर साधारणपणे ५ टक्के आणि परवडणाऱ्या घराच्या व्याख्येत बसल्यास १ टक्का जीएसटी लागतो, जो भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या घराला लागत नाही. शिवाय ताबा मिळेपर्यंत घरभाडे चालूच राहते. हे दोन्ही आकडे बेरजेत घेतल्यावर रिसेलचा फ्लॅट स्वस्त पडला, असे अनेकदा दिसते.

‘आता फक्त १० टक्के भरा, ताब्यापर्यंत हप्ता आम्ही भरतो’ अशा योजनांपासून कटाक्षाने दूर राहावे. त्यात कर्ज खरेदीदाराच्याच नावावर असते. बिल्डरने व्याज भरणे थांबवले की वसुली आणि सिबिलवरचा डाग दोन्ही खरेदीदाराकडे येतात. बांधकामाच्या टप्प्यांशी जोडूनच कर्ज वितरित करावे, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्ये बँकांना बजावले आणि २०१९ मध्ये राष्ट्रीय आवास बँकेने गृहवित्त कंपन्यांना अशी कर्जे टाळण्यास सांगितले, ते अशाच अनुभवांमुळे.

टोकन देण्याआधी

डाउन पेमेंट काठावर असलेल्या माणसाने घर पसंत करण्याच्या आधी बँकेकडून कर्जाचे मंजुरीपत्र घ्यावे. उत्पन्नावर आधारित अशी मंजुरी मालमत्ता ठरण्याआधीही मिळते आणि ती काही महिने वैध असते. दोन-तीन बँकांत चौकशी करावी, पण प्रत्येक ठिकाणी रीतसर अर्ज टाकू नये, कारण प्रत्येक अर्जाची नोंद सिबिल अहवालात होते.

सगळी रक्कम घरात ओतून खाते रिकामे करू नये. किमान चार-सहा महिन्यांचे हप्ते आणि घरखर्च बाजूला ठेवून उरेल तीच रक्कम डाउन पेमेंटची समजावी. तेवढे केल्यावर तूट पाच-सहा लाखांची दिसत असेल आणि दरमहा चाळीस-पन्नास हजार शिल्लक पडत असतील, तर वर्षभर थांबणे हा पराभव नव्हे. त्या वर्षात, पुढे येणाऱ्या गृहकर्जाच्या हप्त्याइतकी रक्कम, चालू भाडे वजा करून, दरमहा आवर्ती ठेवीत टाकावी. तूटही भरते आणि हप्ता झेपेल की नाही, याची खरी परीक्षाही होते.

घर पसंत पडले आणि इसारपावती करायची वेळ आली, की तीत तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: साठेखत किती दिवसांत नोंदवायचे, बँकेने कर्ज नाकारले किंवा मूल्यांकन कमी आल्यामुळे ठरलेल्या रकमेपेक्षा कमी मंजूर केले, तर इसार किती दिवसांत परत मिळेल, आणि विक्रेत्याचे स्वतःचे कर्ज शिल्लक असल्यास ते फेडून मूळ कागदपत्रे कोण, केव्हा सोडवून आणेल. तिसरी गोष्ट विशेष महत्त्वाची आहे, कारण अशा व्यवहारात आपला हिस्सा बहुधा आधी विक्रेत्याच्या कर्जखात्यात जातो. तो विक्रेत्याच्या बचत खात्यात न देता थेट त्या कर्जखात्याच्या नावे धनादेशाने द्यावा आणि त्याआधी त्याच्या बँकेकडून थकबाकीचे पत्र घ्यावे. इसार परत करण्याची अट विक्रेता लिहून द्यायला तयार नसेल, तर टोकन ५० हजारांच्या वर नेऊ नये आणि उरलेली इसाराची रक्कम बँकेचा मूल्यांकन अहवाल हाती आल्यानंतरच द्यावी.